मल्टिकॅम एडिटिंगमध्ये आवाज कॅमेऱ्याच्या मागे का फरफटतो?

पखवाज_कुडाळ : जत्रांचा हंगाम आला की दशावताराचं रेकॉर्डिंग एडिट करायला बसतो आणि दरवर्षी तोच संताप. तीन कॅमेरे, शिवाय मिक्सरला लावलेला वेगळा रेकॉर्डर. चित्राचे कट झटपट होतात. आवाजाचं काय? मी वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याचा कोन बदलला की आवाजही बदलतो. राजा बाकड्यावर बसून बोलतोय, क्लोजअप घेतला की पखवाज एकदम लांब आणि प्रेक्षकांतलं रडणारं पोर कानाशी. एका ट्रॅकची पातळी जराशी उतरवायची तर मल्टिकॅम क्लिप (सगळे कॅमेरे आणि आवाज एकत्र बांधलेली) उघडा, आत जा, बदल करा, बाहेर येऊन ऐका, परत आत जा. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, संवाद रंगमंचावरच सुचतात. दबलेलं वाक्य पुन्हा मिळत नाही. माझं स्पष्ट मत : आवाज हा कॅमेऱ्याचा भाग धरला, तिथेच घोळ झाला. तो स्वतंत्रच असायला हवा.

मालवण_किनारा : सहमत नाही. सोयी असतात, त्या शोधायला हव्यात. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये 'ऑडिओ फॉलोज व्हिडिओ'ची खूण काढली की आवाज जागचा हलत नाही. रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त चित्र बदलायचं वेगळं बटण आहे. मिक्सरचा ट्रॅक खाली टाका, कॅमेऱ्यांचे बंद करा, विषय संपला. दोष बहुतेक वेळा रेकॉर्डिंगचाच असतो.

पखवाज_कुडाळ : संपत नाही ना! ट्रॅक वेगळा टाकला की आवाज आणि चित्र यांच्यातली घसरण हाताने निस्तरावी लागते. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत 20 एवढाच फरक धरा, तरी तासाला 72 मिलिसेकंद होतात. 25 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. रात्रभराच्या दहीकाल्यात (जत्रेतल्या दशावतारात) पहाटेपर्यंत ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. सॉफ्टवेअर सुरुवातीला एकदा जुळवतं आणि हात झटकतं.

गुहागरची_लाट : अंतरही धरा. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. कॅमेरा मंचापासून 28 मीटरवर असेल तर त्याच्या माइकला आवाज दोन फ्रेम उशिरा पोचतो. सॉफ्टवेअर वेव्हफॉर्म (आवाजाच्या लहरींचा आलेख) जुळवतं, म्हणून चित्र दोन फ्रेम आधी येतं. पखवाजावर हात पडलेला दिसतो, थाप मागून ऐकू येते. टाइमकोड (सगळ्या यंत्रांत एकच वेळखूण) लावला की हा प्रश्न उरत नाही.
पण आवाज कायम वेगळाच हवा, हे मला पटत नाही. शिमग्यात पालखी नाचवतात तिथे मिक्सर कुठला? एक कॅमेरा ढोलांपाशी, एक पालखीसमोर, एक गच्चीवर. तिथे कोनाबरोबर आवाज बदलला नाही तर सगळी मजाच जाते.

वेंगुर्ल्याचो_झील : टाइमकोडची यंत्रां घेवक आमच्याकडे पैसे खंय? जत्रेत अर्धे कॅमेरे म्हणजे पोरांचे मोबाइल. त्यांचो फ्रेमरेट (सेकंदाक किती फ्रेम) सारखो रवणा नाय, उजेड कमी झालो की आणखी घसारता. पयलां सगळे व्हिडिओ ठराविक फ्रेमरेटात बदलून घेतले तरच निभावता. ह्या काम सॉफ्टवेअरान आपणहून करूक व्हया. माझो कौल पखवाजवाल्याक.

मालवण_किनारा : मोबाइलचं मान्य. तरी मूळ मुद्दा सोडत नाही. मंडपवाल्याकडे मिक्सरची लाइन आधीच मागून ठेवा, आवाजाचा सॅम्पलरेट (सेकंदाला किती नमुने) सगळीकडे 48 किलोहर्ट्झ लावा, मधूनमधून कॅमेऱ्यांसमोर टाळी द्या. घसरण किती झाली ते तरी दिसेल.

पखवाज_कुडाळ : चालू प्रयोगात पुढे जाऊन टाळी कोण देणार? मी झांजेचा ठोका धरतो. नवं पात्र आलं की झांज वाजतेच आणि वेव्हफॉर्मवर ती टोकदार दिसते. दर दहा मिनिटांनी तीच खूण तपासणं सॉफ्टवेअरला जड नाही. शिमग्याचं मात्र पटलं, तिथे आवाज कोनाबरोबरच हवा. म्हणजे निवड प्रत्येक कटला करता यायला हवी, अख्ख्या क्लिपला एकच नको. आणि पातळीबद्दल अजून कोणीच बोललं नाही. मल्टिकॅम क्लिप न उघडता आतल्या ट्रॅकला बाहेरूनच हात लावायची सोय कोणी वापरतं का?