पावसाळ्यात झिंक ऑक्साइड राखाडी का होतंय?

भाट्ये_किनारा
रत्नागिरीत एमएस्सीला आहे. प्रोजेक्टसाठी ज्वलन पद्धतीने झिंक ऑक्साइडची नॅनो पावडर करतेय. झिंक नायट्रेट हेक्झाहायड्रेट 10 ग्रॅम, ग्लायसीन 2.8 ग्रॅम, थोडं पाणी, हॉटप्लेट. मार्चमध्ये काय सुंदर झालं होतं! पाक घट्ट झाला, फसफसला, एका कडेने ठिणगी धावत गेली आणि बीकरभर फुललेली पांढरी पावडर. जुलैत तेच माप, पण राखाडी, मध्ये काळे ठिपके. वर एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक तपासायची चाचणी) 36.25 अंशांच्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी 0.40 आली. या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढायच्या शेररच्या सूत्राने उत्तर 0.36 नॅनोमीटर! सरांना दाखवायचा धीर होत नाही.

देवबागकर
पावसात नायट्रेट उघड्यार ठेवलंस कित्याक? ते हवेतलं पाणी ओढतं. तू 10 ग्रॅम मोजतेस त्यात मीठ कमी, पाणी जास्त. ग्लायसीन मात्र तेवढंच, म्हणजे इंधन जास्त झालं आणि न जळलेला कार्बन मागे राहिला. अख्खी बाटली डिस्टिल्ड पाण्यात विरघळव, ईडीटीएने टायट्रेशन कर, म्हणजे झिंकला धरणारं ते द्रावण थेंबथेंब घालून झिंक किती ते मोज (पीएच 10, दर्शक एरिओक्रोम ब्लॅक टी, लालसर रंग जाऊन निळा), मग वजनाऐवजी मिलिलिटरने घे. आणि फ्यूम हूडमध्येच कर बाई, तो तांबूस धूर नाकात जायचा नाही.

जुना_प्रयोगशाळेवाला
0.36? अहो, झिंक ऑक्साइडच्या एका युनिट सेलची, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान चौकटीची, उंचीच 0.52 नॅनोमीटर असते! रुंदी अंशांतच ठेवलीत, रेडियन करा: 0.00698. कोन घ्यायचा तो निम्मा, 18.125. उत्तर 21च्या आसपास येईल. यंत्राची स्वतःची रुंदी अजून वजा करायची आहे, त्यासाठी प्रमाणित सिलिकॉनचा आलेख मागून घ्या. हा आकार स्फटिकाचा, कणाचा नव्हे. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) गुठळ्या मोठ्या दिसतील, दचकू नका. राखाडी पावडर 500 अंशांवर तासभर भाजली तर कार्बन जातो, पण स्फटिकही वाढतात. गरम असताना पिवळट दिसली तर भट्टीला दोष देऊ नका, थंड झाल्यावर पांढरी होते.

भाट्ये_किनारा
बाटलीत तळाला चक्क पाक होता, झाकणही सैल. टायट्रेशन केलं: माझ्या 10 ग्रॅममध्ये खरं मीठ 8.2 ग्रॅम! त्या हिशेबाने ग्लायसीन 2.3 घेतलं. काल पांढरी झाली. रेडियनचं सरांना अजून सांगितलेलं नाही.