अर्धवेळ सीएफओ म्हणजे उधळपट्टी? मला अजिबात पटत नाही

सातपूरकर: काल इथे कोणीतरी ठासून लिहिलं, "महिन्यातून चार दिवस येणारा सीएफओ (कंपनीच्या पैशाचं नियोजन बघणारा अधिकारी) म्हणजे उधळपट्टी. ज्याला स्वतःचे आकडे कळत नाहीत त्याने धंदाच करू नये." फार लागलं, म्हणून लिहितोय. आम्ही द्राक्षबागांसाठी सेन्सर बनवतो. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर माल द्यायचा, आणि बागायतदाराचा पैसा येणार द्राक्षं उतरल्यावर, फेब्रुवारी-मार्चात. मधले महिने पगारासाठी उसनवारी. आमचे सीए उत्तम आहेत, पण ते झालेल्या वर्षाचा हिशोब लावतात. पुढच्या तेरा आठवड्यांत खात्यात काय उरेल, हा तक्ता एका निवृत्त फायनान्स मॅनेजरनी महिन्यात चार दिवस येऊन बसवला. त्यावरून छाटणीआधी अर्धी रक्कम आगाऊ घ्यायला लागलो. पूर्णवेळ माणूस परवडला नसता, आणि त्याला रोज पुरेल एवढं कामही नव्हतं.

सिन्नरफाटा: तुमचं नशीब. आमच्या सल्लागाराने पहिल्याच भेटीत दोन टक्के शेअर घेतले. पुण्याहून दोनदा फोन, नंतर गायब. आज प्रत्येक गुंतवणूकदार विचारतो, हे कोण?

सातपूरकर: शेअर आधी दिलेत कशाला? दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने द्यायचे, काम थांबलं की तेही थांबले.

सिन्नरफाटा: तेव्हा कोणी सांगितलं नाही. सांगणारा तोच होता ना!

कंपनी सेक्रेटरी: आणि ईसॉप, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क, कर्मचाऱ्यांसाठी असतं. बाहेरच्या सल्लागाराला द्यायचं तर वेगळा करार लागतो. सही करण्याआधी विचारा.

लेथवाला: या गप्पा सोडा. रोकड अडते कारण मोठ्या कंपन्या 120 दिवस बिलाचे पैसे देत नाहीत. तिथे तुमचा सीएफओ काय करणार?

कंपनी सेक्रेटरी: छोट्या उद्योगांचे पैसे वेळेत मिळावेत म्हणून 2006 चा एमएसएमई कायदा आहे. लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज.

लेथवाला: मला कायदा शिकवू नका! एकदा व्याज मागितलं, पुढची ऑर्डर गेली. 45 दिवसांत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येणार नाही, हा आयकराचा नियम आला तेव्हा खरेदीवाले म्हणाले, उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद) रद्द करा, नाहीतर दुसरा व्हेंडर बघतो. माझ्याकडे 22 कामगार आहेत. तक्रार करून त्यांना घरी बसवू?

अंबड लिंकरोड: भाऊ, राग खरा आहे, मीही हेच भोगलंय. पण आमच्याकडे आठवड्यातून एकदा येणाऱ्या सल्लागार बाईंनी आधी वीस वर्षं खरेदी खात्यातच काढलीत. त्यांनी दाखवलं, बिल अकाउंट्सला अडकत नाही, गेटवर अडकतं. कंपनी दिवस मोजते जीआरएनपासून, म्हणजे माल मिळाल्याच्या तिच्या नोंदीपासून, आणि जीआरएन पंधरा-पंधरा दिवस होतच नाही. आता चलनावर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय आमची गाडी हलत नाही. 110 दिवसांवरून 60 वर आलो, भांडण न करता.

लेथवाला: 60 म्हणजे 45 नव्हे.

अंबड लिंकरोड: नाहीच. पण ओव्हरड्राफ्टचं व्याज जवळजवळ निम्मं झालं.

सिन्नरफाटा: त्यांनी शेअर मागितले?

अंबड लिंकरोड: नाही. महिन्याची फी, तीन महिन्यांचा करार.

लेथवाला: जीआरएनचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, हे कबूल. तीन महिने बघतो. पण त्यांनी माझ्याबरोबर खरेदी खात्यात येऊन बसायचं. फोनवरचा सल्ला मला नको.