चित्र बघून विचार करायचा की कागद बघून?

तैलरंग: कालच्या एका धाग्यात वाचलं, पाश्चात्त्य कलेचा इतिहास शिकायला सनावळ्या नकोत, चित्रासमोर उभं राहून आपली बुद्धी चालवली की झालं. उदाहरण पंधराव्या शतकातल्या व्हॅन आयकने रंगवलेल्या 'अर्नोल्फिनी दांपत्य' या चित्राचं, ज्यात एक जोडपं खोलीत उभं आहे: 'बाई उघडच गरोदर आहे, म्हणून घाईचं लग्न.' हे वाचून गप्प बसवत नाही. ती गरोदर नाही. झग्याला रग्गड कापड, ते पोटाशी उचलून धरलंय. त्याच व्हॅन आयकची १४३७ ची ड्रेस्डेनमधली संत कॅथरीन बघा, पोट तस्संच. ती तर कुमारिका. आजच्या डोळ्यांनी बघून ठोकून द्यायचं, याला चिकित्सा म्हणत नाहीत.

कोरा_कागद: तो धागा माझाच. ग्रंथवाल्यांनी तरी काय दिवे लावले? कला-इतिहासकार पानोफ्स्कीने १९३४ मध्ये सांगितलं, हा लग्नाचा दाखला आहे, मागच्या भिंतीवर, आरशाच्या वर असलेली व्हॅन आयकची १४३४ ची सही म्हणजे साक्षीदाराची, कुत्रा म्हणजे निष्ठा, पायातून काढून ठेवलेली पादत्राणं म्हणजे पवित्र जागा. आमच्या कॉलेजात हेच नोट्समध्ये उतरवून घेतलं. मी पेपरात लिहिलं की घरात कुत्रा असतो म्हणून कुत्रा असेल. मार्क कापले. तो राग अजून आहे.

तैलरंग: राग रास्त आहे. पण पानोफ्स्कीला हादरवलं कशाने? कागदानेच. ज्या जोव्हान्नी दि आरिगो अर्नोल्फिनीचं हे लग्न मानत होते, त्याच्या लग्नाची नोंद १४४७ ची निघाली. व्हॅन आयक १४४१ लाच वारला होता! आणि रंगाखालचं रेखाटन दाखवणाऱ्या इन्फ्रारेड तपासणीत दिसलं की कुत्रा, पादत्राणं खालच्या रेखाटनात नाहीतच, मागाहून रंगवलीत. साक्षीदाराच्या दाखल्यातले मुख्य पुरावे चित्रकाराला आयत्या वेळी सुचले?

झरोका: आरशाचा विषय निघालाच आहे तर ब्रिटिश चित्रकार हॉकनीला विसरू नका. २००१ पासून तो सांगतोय की व्हॅन आयकसारखी मंडळी अंतर्गोल आरशाने प्रतिमा पाडून गिरवत. या चित्रात वर टांगलेलं ते झुंबर नुसत्या हाताने जमणं शक्यच नाही.

तैलरंग: शक्य नाही कुणाला? स्टॉर्क वगैरे संशोधकांनी त्याच झुंबराच्या फांद्या मोजल्या, त्यांचं यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) एकमेकींशी जुळत नाही. गिरवलं असतं तर जुळलं असतं.

झरोका: हॉकनी स्वतः चित्रकार आहे. मोजपट्टीवाल्यांनी त्याला शिकवू नये.

मावशी_नाशिक: मीही चित्रकार आहे, एटीडी (कलाशिक्षक पदविका) करून जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. लेकीकडे लंडनला गेले तेव्हा नॅशनल गॅलरीत हे चित्र पाहिलं. सगळं मिळून ८२ बाय ६० सेंटिमीटर. त्यातल्या आरशाच्या चौकटीवर दहा गोल आणि प्रत्येकात ख्रिस्ताच्या यातनांचा एकेक प्रसंग, नखात मावेल एवढा. ते कुठल्या प्रतिमेवरून गिरवणार? ज्यांनी शून्य नंबरचा ब्रश हातात धरला नाही त्यांनाच प्रत्येक कौशल्यामागे यंत्र दिसतं.

झरोका: मावशी, वैयक्तिक होऊ नका. गोल हाताने काढले असतील, मान्य. झुंबराचं उत्तर त्यात नाही.

मावशी_नाशिक: उत्तर वर दिलंय. वाचायचं नसेल तर नका वाचू.

कोरा_कागद: माझा धागा झुंबराला लटकवून टाकलात. कॅथरीनचं चित्र शोधून बघितलं. पोटाचं सोडतो, नाइलाज आहे. पण तैलरंग, १४४७ ची नोंद हाती नसताना एखाद्या मुलाने नुसतं बघून शंका घेतली तर त्याचे मार्क कापायचे का, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

तैलरंग: नाही कापायचे. 'असेल' एवढ्यावर न थांबता त्याने कारण लिहिलं असेल तर पूर्ण द्यायचे.