दुसऱ्या महायुद्धातील आजोबांच्या लष्करी नोंदी कोठे शोधाव्यात?

धरमपेठकर:
नमस्कार. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, नागपुरात महाल भागात राहत. रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून एल.एम.पी. (डॉक्टरकीची त्या काळची पदविका) झाल्यावर, दुसरे महायुद्ध चालू असतानाच, ते सैन्यात डॉक्टर म्हणून गेले, एवढे नक्की ठाऊक आहे. पुढचे सारे ऐकीव आहे. आई म्हणते ते ब्रह्मदेशात होते, मामा म्हणतात इजिप्तमध्ये. १९४६ मध्ये ते परतले, सीताबर्डीवर दवाखाना थाटला आणि युद्धाचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. आजी मात्र सांगत असे की, ते परतले तेव्हा अंगाला हळद लावल्यासारखे पिवळे दिसत होते आणि कावीळ समजून तिने महिनाभर त्यांना पथ्यावर ठेवले होते.

बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात दोन छायाचित्रे, आजीला आलेली तीन पत्रे पाकिटांसह आणि कापडी फितीचा एक तुकडा आहे. पदक हरवले. एका छायाचित्रात खांद्यावर तीन तारे आहेत, त्यामुळे घरात सगळे त्यांना ‘कॅप्टनसाहेब’ म्हणत. एका कार्यालयाकडे लेखी विचारणा केली, तर ‘या नावाची व्यक्ती आमच्या नोंदीत आढळून येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर चार महिन्यांनी आले. आता कोणाला आणि काय विचारावे?

कामठीकर निवृत्त:
आपण नावाने विचारलेत, तेथेच घोटाळा झाला असावा. लष्करी नोंदी क्रमांकाने चालतात आणि नाव हा त्यातला सर्वांत बेभरवशाचा धागा असतो. आपल्या भागातील जुन्या इंग्रजी कागदांत वामन, वासुदेव ही नावे कधी ‘व्ही’ने, कधी ‘डब्ल्यू’ने लिहिलेली आढळतात, शिवाय कारकुनाने कधी आडनाव पुढे घेतले, कधी वडिलांचे नावच आडनाव समजून टाकले. तेव्हा प्रत्येक अर्जात नावाची चार-पाच रूपे देत जा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एल.एम.पी. झालेले डॉक्टर त्या काळी बहुधा इंडियन मेडिकल डिपार्टमेंटमध्ये सब-असिस्टंट सर्जन म्हणून जात आणि त्यांना जमादार, सुभेदार असे व्हाइसरॉयचे कमिशन, म्हणजे पूर्ण अधिकाऱ्याहून खालचा हुद्दा, असे. ३ एप्रिल १९४३ रोजी हे खाते, इंडियन मेडिकल सर्व्हिसचा लष्करी भाग आणि इंडियन हॉस्पिटल कोअर एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर उभारण्यात आले. त्यामुळे आपले आजोबा आधी जमादार आणि नंतर कमिशनप्राप्त अधिकारी असे दोन्ही असू शकतात. तसे असेल तर त्यांचे क्रमांकही दोन असतील आणि कागदपत्रे दोन वेगळ्या ठिकाणी असतील. दुसऱ्या छायाचित्रात खांद्यावर किती तारे आहेत, ते भिंग घेऊन पाहा आणि येथे लिहा.

व्हाइसरॉय कमिशनच्या काळासाठी लखनौच्या आर्मी मेडिकल कोअर रेकॉर्ड्सकडे लिहावे. पण तेथे ‘सर्व्हिस रेकॉर्ड द्या’ असे मोघम मागू नका. पेन्शन न घेणाऱ्या जवानांची आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांची कागदपत्रे २५ वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम आहे आणि बहुतेकांना हेच उत्तर मिळते. ‘लाँग रोल’ नावाची नोंदवही मात्र जपून ठेवतात. त्या वहीतील नोंदीचा उतारा हवा, असे स्पष्ट शब्दांत मागा. अधिकारी म्हणून झालेल्या सेवेची विचारणा दिल्लीला सशस्त्र दल वैद्यकीय सेवा महासंचालनालयाकडे करावी.

दोन्ही विचारणा माहिती अधिकाराखाली केल्यास बरे. शुल्क १० रुपये आहे. अर्ज चुकीच्या ठिकाणी गेला तरी कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे पाठवणे त्यांना बंधनकारक असते. ‘व्यक्तिगत माहिती’ म्हणून नकार आला, तर कलम ८(३) दाखवा. २० वर्षांपेक्षा जुन्या घटनांच्या माहितीला बहुतेक अपवाद त्या कलमाने लागू राहत नाहीत. मृत्यूचा दाखला आणि नाते दाखवणारा कागद सोबत जोडा, म्हणजे वाद वाढत नाही.

जुनी पदके:
फितीचे रंग लिहिले असते तर मामांचा आणि आईचा वाद येथेच मिटला असता! मधोमध लाल पट्टा, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि प्रत्येक निळ्याच्या मधून एक केशरी रेघ असेल, तर तो बर्मा स्टार आहे. फिकट वाळूच्या रंगावर मधोमध लाल आणि दोन बाजूंना गडद व फिकट निळी रेघ असेल, तर तो आफ्रिका स्टार. मग मामा खरे.

मात्र बर्मा स्टार मिळाला म्हणजे माणूस प्रत्यक्ष ब्रह्मदेशात होताच, असे नाही. १ मे १९४२ नंतर बंगाल आणि आसाममधील ठराविक सेवेलाही तो मिळत असे, आणि आघाडीमागची मोठी इस्पितळे त्याच पट्ट्यात होती. आजीबाईंच्या हळदीचे म्हणाल, तर ती कावीळ नसावी. मलेरिया होऊ नये म्हणून सैनिकांना रोज मेपाक्रिनची गोळी घ्यावी लागे आणि तिने कातडी पिवळी पडे. बिचारे डॉक्टर स्वतः, आणि महिनाभर मुकाट्याने पथ्य पाळत बसले.

पाकिटे नीट पाहा. पत्रावर ठिकाण लिहायला मनाई असे, पण शिक्क्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा (एफ.पी.ओ., सैन्यासोबतचे टपाल कार्यालय) क्रमांक आणि तारीख उमटते. तो क्रमांक कोणत्या महिन्यात कोठे होता, याच्या याद्या टपालसंग्राहकांकडे मिळतात.

शंकानिरसन हवे:
सरळ लंडनला लिहिले तर? ब्रिटिश लायब्ररीत भारतीय सैन्याच्या फायली आहेत ना?

कामठीकर निवृत्त:
आहेत, पण त्यांतील व्यक्तिगत फायली मुख्यत्वे युरोपीय अधिकाऱ्यांच्या आहेत, त्यामुळे तेथून सुरुवात करू नये. युनिट कळल्यावर मात्र लंडनजवळच्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजचा उपयोग होतो. वैद्यकीय युनिटांच्या युद्धकालीन रोजनिश्यांसाठी तेथे डब्ल्यू.ओ. १७७ ही स्वतंत्र मालिका आहे. तिच्यात नाही सापडले तर आग्नेय आशियाची डब्ल्यू.ओ. १७२ पाहावी. जवानांची नावे या रोजनिश्यांत क्वचितच येतात, परंतु अधिकारी रुजू झाला किंवा बदलून गेला, की त्याची नावानिशी ओळ बहुधा पडते. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत शोधू नका. तेथे फक्त युद्धकाळात मरण पावलेल्यांची नावे आहेत.

धरमपेठकर:
सर्वांचे मनापासून आभार. फीत उजेडात धरून पाहिली. मधला पट्टा लाल आणि बाजूंना निळ्यात केशरी आहे, म्हणजे आई जिंकली. दोन पाकिटांवरचे शिक्के पुसट आहेत, तिसऱ्यावर ‘एफ.पी.ओ.’, त्यापुढे दोन आकडे आणि ४४ साल वाचता येते. दुसऱ्या छायाचित्रात प्रत्येक खांद्यावर एकच तारा आहे. हे सेकंड लेफ्टनंट म्हणायचे का?

कामठीकर निवृत्त:
डॉक्टरांना कमिशन मिळे ते सामान्यतः थेट लेफ्टनंटचे, म्हणजे दोन ताऱ्यांचे. डॉक्टराच्या खांद्यावर एकच तारा असेल, तर तो जमादाराचा समजा. लखनौचा अर्ज आधी टाका.

धरमपेठकर:
आज दुपारीच जी.पी.ओ.तून पोस्टल ऑर्डर आणली. नावाची पाच रूपे लिहिली आहेत, आणि मामांना जमादाराविषयी अजून काही सांगितलेले नाही.