लिंकन यांची वकिली आणि आमदारकी एकाच वेळी कशी चालत असे?

प्रश्न:
अब्राहम लिंकन १८३४ ते १८४२ या काळात सलग चार वेळा अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १८३७ पासून स्प्रिंगफील्डसारख्या लहानशा गावात वकिलीही करू लागले. नवा वकील वारंवार राजधानीत अडकला तर पक्षकार दुसरी वाट धरणारच. मग त्यांना हे जमले कसे?

उत्तर १:
तितके अडकावे लागत नसे, हीच यातली गोम आहे. निवडणूक दर दोन वर्षांनी होई, अधिवेशन सहसा हिवाळ्यात भरे आणि न्यायाधीशांबरोबर काउंटी-काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) फिरणारे न्यायालय वसंतात व शरदात चाले. शिवाय १८३९ मध्ये राजधानीच व्हँडेलियाहून स्प्रिंगफील्डला आली. ती खेचून आणणाऱ्या सँगामन काउंटीच्या नऊ उंचापुऱ्या प्रतिनिधींपैकी लिंकन एक होते, त्यामुळे कचेरी आणि सभागृह एकाच गावात आले. (याच लोकांनी मंजूर केलेल्या कालवे-रेल्वेच्या योजनांनी राज्य कर्जात बुडाले, हेही विसरू नये.)

उत्तर २:
वेळापत्रकाचा मुद्दा मान्य, पण भागीदारीकडे दुर्लक्ष झाले आहे. लिंकन यांना कायद्याची पुस्तके वाचायला देणारे आणि पुढे भागीदार झालेले जॉन स्टुअर्ट १८३९ मध्ये काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, सदस्य म्हणून वॉशिंग्टनला गेले, आणि कचेरीचा भार आमदार लिंकन यांच्यावरच पडला. म्हणजे वकिलीची ओढाताण केली ती प्रामुख्याने स्टुअर्ट यांच्या राजकारणाने. लिंकन यांचा कारभारही फारसा टापटिपीचा नव्हता. महत्त्वाचे कागद ते उंच टोपीत ठेवत, आणि कागदांच्या एका गठ्ठ्यावर तर, दुसरीकडे कुठेच न सापडल्यास यात पाहावे, अशा अर्थाची चिठ्ठी होती.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. या धंद्यात पैसा कितपत मिळे?

उत्तर १:
बहुतेक दावे कर्जवसुलीचे असत आणि फी बेताची, तीही तिसरे भागीदार विल्यम हर्न्डन यांच्याबरोबर निम्मी वाटली जाई. मोठी रक्कम आली ती आमदारकी संपल्यावर बऱ्याच वर्षांनी: इलिनॉय सेंट्रल रेल्वेला काउंटीच्या करातून सोडवल्याबद्दल ५,००० डॉलर. ते मिळवण्यासाठी १८५७ मध्ये त्यांना आपल्याच पक्षकारावर दावा लावावा लागला, आणि तरीही पुढे ते त्याच कंपनीची कामे घेत राहिले.