असुर, अहुर आणि दिवाणा

प्रश्न : 'सुर म्हणजे देव आणि जो सुर नाही तो असुर' अशीच फोड शाळेपासून ऐकत आलो. पण पारशांच्या परमेश्वराचं नाव अहुर मज्द, आणि त्यातला अहुर म्हणजे आपला असुरच, असं वाचनात आलं. मग एकाचा देव दुसऱ्याचा राक्षस कसा झाला?

प्रतिसाद : आधी ती फोड सोडा. 'असुर' जुना आहे, 'सुर' नंतरचा. ऋग्वेदात देव या अर्थी 'सुर' सापडत नाही. असुर मात्र जागोजागी आहे, आणि तो मानाचा शब्द म्हणून. वरुण असुर, अग्नी असुर, सविता असुर, इंद्रसुद्धा. तिसऱ्या मंडलातल्या ५५व्या सूक्ताचं पालुपदच 'महद्देवानामसुरत्वमेकम्' असं आहे. देवांचं असुरत्व थोर म्हणायचं, तर तिथे राक्षस हा अर्थ बसेल कसा? 'असु' म्हणजे प्राण, त्याच्याशी जोडून सामर्थ्यवान, प्रभू असा अर्थ लावतात.

दहाव्या मंडलात वैऱ्याचा अर्थ डोकावू लागतो. वेदांनंतरच्या, यज्ञविधी सांगणाऱ्या ब्राह्मणग्रंथांपर्यंत तर देव आणि असुर म्हणजे प्रजापतीची कायम भांडणारी पोरं. एकदा असुर वाईट ठरल्यावर सुरुवातीचा 'अ' नकाराचा वाटला आणि तो काढून 'सुर' तयार झाला. 'विधवा'तला 'वि' असाच काढून नवरा या अर्थी 'धव' घडवला गेला. रामायणाच्या बालकांडात आणखी गंमत आहे : समुद्रमंथनातून आलेली वारुणी, म्हणजे मद्य, ज्यांनी स्वीकारली ते सुर, नाकारली ते असुर. म्हणजे दारूबंदीवाले सगळे असुरांच्या बाजूचे!

प्रतिसाद : इराणी बाजू जोडतो. संस्कृत 'स'च्या जागी तिकडे 'ह' येतो. सोम-हओम, सप्त-हप्त (आपला 'हप्ता' फारसीतून आला तो याच सातावरून), तसंच असुर-अहुर. पण अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, 'दएव' म्हणजे आपला देव, तो दुष्ट. 'वेंदिदाद' हे ग्रंथनामच 'दएवांविरुद्धचा कायदा' अशा अर्थाचं आहे. त्यात इंद्राची गणना दएवांत होते. उलट 'वृत्रघ्न' हे जे इंद्राचं बिरुद, त्याचं अवेस्ती रूप 'वेरेथ्रघ्न' हे मात्र पूजनीय दैवत. बिरुदाला पूजा आणि मालकाला शिव्या! त्याचंच झिजलेलं रूप 'बेहराम'. मुंबईतल्या आतश बेहरामांच्या, म्हणजे पारशांच्या मोठ्या अग्निमंदिरांच्या, नावात आहे तो हाच.

प्रतिसाद : म्हणजे आर्यांच्या दोन टोळ्यांत धर्मावरून भांडण झालं आणि त्यांनी एकमेकांच्या देवांना नावं ठेवली, असंच ना?

प्रतिसाद : हे मत मार्टिन हाउग यांनी मांडलं. १८६०च्या आसपास ते पुण्यात संस्कृत शिकवत होते. मला ते पटत नाही. भांडण झालं असतं तर दोन्हीकडचे अर्थ एकाच वेळी उलटायला हवे होते. इथे तर ऋग्वेदाच्या जुन्या भागांत असुर सन्मान्य आहे आणि तो बिघडतो नंतर, इकडच्या इकडे. तिकडे दएवांवर टीका मात्र पारशी धर्माचा संस्थापक झरथुष्ट्र याच्या गाथांतच, म्हणजे अवेस्ताच्या सर्वांत जुन्या भागातच, आहे. दोन वेगळ्या प्रक्रिया, शेवट तेवढा एकमेकांच्या उलट. तुर्कस्तानात बोगाझकॉयला १९०६पासूनच्या उत्खननात हित्ती आणि मितान्नी या पश्चिम आशियातल्या प्राचीन राज्यांच्या राजांमधला इ.स.पू. १४व्या शतकातला तह मिळाला. त्यात शपथेचे साक्षीदार म्हणून मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य (म्हणजे अश्विनीकुमार) एका ओळीत उभे आहेत, आणि कुणालाही राक्षस ठरवलेलं नाही.

प्रतिसाद : इंग्रजीतला 'डेव्हिल' या दएवावरूनच ना?

प्रतिसाद : नाही. तो ग्रीक 'डायाबोलोस', म्हणजे चहाडखोर, यावरून. ग्रीक 'थेऑस'चाही 'देव'शी संबंध नाही, दिसायला कितीही वाटला तरी. लॅटिन 'देउस' मात्र सख्खा.

प्रतिसाद : दएवाचे वंशज मराठीत हवे असतील तर 'दिवाणा' घ्या. फारसीत दएवाचा 'दीव' झाला, म्हणजे राक्षस. त्याने झपाटलेला तो दिवाणा. कचेरीतला 'दिवाण' वेगळा, त्याचं मूळ लिखापढीच्या शब्दात आहे. आणि त्या तहातला मित्र इराणात 'मिथ्र', पुढे 'मिह्र' झाला, अर्थ सूर्य, प्रेम, माया. त्यावरून मेहेरबान. सरकारी अर्जात 'मेहेरबान साहेबांस' लिहायचे तेव्हा मित्रदेव आपसूकच कागदावर येत होता.