भाड्याच्या घरात भिंतीला छिद्रे पाडावीत का?

प्रश्न
पुण्यात अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर आम्ही नुकतेच राहायला आलो आहोत. स्वयंपाकघरात वॉटर प्युरिफायर टांगायचा आहे, पुस्तकांसाठी एक फळी बसवायची आहे आणि खिडकीला डासांची जाळी हवी आहे. ‘मालकाच्या लेखी संमतीशिवाय कोणताही बदल करू नये’ एवढेच करारात लिहिले आहे. एखादे छिद्र पाडणे हाही बदल धरला जातो का?

प्रतिसाद १
धरला जाऊ शकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, एसी, धुराची चिमणी अशी कामे, आवश्यक तेथे पालिकेची परवानगी घेऊन केल्यास, ‘कायमस्वरूपी बांधकाम’ मानू नयेत असे स्पष्टीकरण आहे. ते वाचून अनेक जण निर्धास्त होतात. परंतु ते भाडेकरूंसाठी आहे आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत परवानाधारक ठरतो, म्हणून तुम्हाला करारातील शब्दच बांधील आहेत. जागेचा फोटो काढून त्यावर छिद्रांच्या खुणा करा, तो मालकांना पाठवा आणि होकार लेखी घ्या. अनामत रकमेवरून होणारे बहुतेक वाद तोंडी होकारातूनच उद्भवतात, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद २
परवानगी मिळाली तरी ड्रिल चालवण्यापूर्वी भिंत ओळखावी. पुण्यातील अनेक नव्या इमारतींत भिंती सलग काँक्रीटच्या असतात. तेथे साधे ड्रिल नुसते फिरत राहते, हॅमर ड्रिलच लागते. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत छिद्र कधीही पाडू नये, कारण भिंतीतील वायरींचे पाइप बहुधा त्याच रेषांत गेलेले असतात. नळाच्या पाइपांनाही हाच नियम लावावा. प्युरिफायरसाठी टाइल फोडण्याची वेळ आली, तर छिद्र शक्यतो दोन टाइलांमधील सांध्यात घ्यावे. सांधा पुढे व्हाइट सिमेंटने बुजवता येतो, तडकलेली टाइल मात्र बदलावीच लागते आणि त्याच छटेची टाइल पुन्हा मिळेलच असे नाही. घर सोडताना गिट्टी (स्क्रू पकडण्यासाठी छिद्रात ठोकलेला प्लास्टिकचा किंवा लाकडी तुकडा) उपटून छिद्रात पुट्टी दाबून भरावी, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासावी आणि मूळ रंगाचा हात द्यावा. त्यासाठी रंगाचा शेड नंबर मालकांकडून आत्ताच मागून ठेवावा.

प्रतिसाद ३
तुमच्या तिन्ही कामांपैकी जाळीला छिद्राची गरजच नाही. वेल्क्रोची जाळी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर चिकटवावी, रंगवलेल्या भिंतीवर नव्हे. काढताना उरलेला गोंद रॉकेलच्या फडक्याने निघतो. डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकटवायचे हूक मुळीच लावू नका, ते निघताना रंगाचा पापुद्रा घेऊन येतात. पुस्तकांचे वजन पाहता फळीपेक्षा जमिनीवर उभे राहणारे रॅक अधिक सोयीचे. पुढच्या घरीही ते नेता येते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. फळीचा विचार सोडून रॅक घेत आहोत. प्युरिफायरसाठी सांध्यावर खुणा करून फोटो मालकांना पाठवला आहे. त्यांचा लेखी होकार आल्यावरच कारागिराला बोलावू.